चार्टच्या मागे

काँक्रीट भरलेल्या चार गाड्या फाटकाशी घरघरत होत्या आणि साइटवर एकही मजूर नव्हता. नवा इंजिनिअर ऋत्विक मुकादमावर डाफरला, "प्लॅनमध्ये स्लॅबची तारीख महिनाभर आधी टाकलीय मी!"

"साहेब, आज अमावस्या. आमची माणसं कामाला हात लावत नाहीत," रखमाजी मुकादम म्हणाला.

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

तारीख दाखवायला ऋत्विकने ऑफिसात जाऊन भिंतीवरचा आपला रंगीत चार्ट तणतणत ओढला. मागे रखमाजीचं कॅलेंडर लटकत होतं. आजच्या तारखेभोवती लाल गोल होता: काम बंद.

"साहेब, ते झाकू नका," असं ऋत्विक चार्ट लावत असताना रखमाजी दोनदा म्हणाला होता. ऋत्विकची मान वर होईना.

"माझंच चुकलं," दारातून रखमाजी म्हणाला, "तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं."