न मरणारी भुकटी

पडदे ओढले आणि टेबलावरची नळी निळीशार उजळली. वसाहतीच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. नळीत त्यांच्याच विहिरीचं पाणी होतं, कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या विहिरीचं. उजेड पडला म्हणजे पाणी चांगलं, विष असलं तर उजेड विझतो, असं प्रयोगशाळेतून आलेल्या सरांनी आत्ताच समजावलं होतं.

"पूर्वी याला प्राण्यांच्या शरीरातलं एन्झाइम लागायचं," सर म्हणाले. "फार नाजूक प्रकरण. फ्रिजबाहेर काढलं की मेलं. आमची नॅनो भुकटी त्याचीच नक्कल करते, पण मरत नाही."

मरत नाही हे अगदी खरं होतं. मागे उभ्या असलेल्या त्यांच्या सहायिकेला ते कालच कळलं होतं. खरं एन्झाइम विषाने मरतं, म्हणून तर उजेड विझतो. आजवर प्रयोगशाळेत सगळ्यांनी उजेड पडतो का तेवढंच पाहिलं. विझतो का, हे बघायचं कुणाला सुचलंच नाही. काल तिने पाण्यात चमचाभर कीटकनाशक ओतलं. भुकटी कसली, ही बया विषालाही दाद देईना. नळी झगझगतच राहिली.

ती धावत सरांकडे गेली होती. सर शांतपणे म्हणाले, "उद्याचं पार पडू दे, मग बघू. आणि शोधनिबंधात तुझं नाव घालायचं राहिलंय ना? तेही बघू."

नाव! भुकटी तिने केली, हात तिचे भाजले, छापून आले ते सर. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय. आई दर वेळी विचारायची, "यात तू कुठंयस गं?" म्हणून काल ती मूग गिळून बसली. आजही.

वसाहतीतल्या एक बाई उठल्या. वर्षभर टँकरपुढे रांगा लावून सगळे कंटाळले होते. बाईंनी विहिरीच्या पाण्याचे ग्लास सगळ्यांच्या हातात दिले आणि एक सरांपुढे धरला. "पहिला मान तुमचा. तुम्ही घ्या, मग आम्ही."

सरांनी ग्लास घेतला. पाण्याकडे पाहिलं. मग सहायिकेला पुढे बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि ग्लास तिच्या हातात दिला.

"मान हिचा. भुकटी हिची आहे, एकटीची. मी आपला नुसता नावाला."

हॉल दणाणला. बाईंनी तिचं नाव विचारून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. खोटं कशाला बोला, तिला भरून आलं.

तिने ग्लास तोंडाला लावला आणि नुसते ओठ ओले केले. बाकीच्यांनी ग्लास रिकामे केले.