गौरीच्या पावलांशेजारी

सिंगापूरच्या सेम्बावांगमधला जुना लष्करी बंगला भाड्याने देताना एजंट म्हणाला होता, "दुसऱ्या महायुद्धात इथे ब्रिटिश पलटण होती. जपान्यांना शरण जायचा हुकूम आला, पण काहींनी बंदुका खाली ठेवल्याच नाहीत म्हणे." विनीताने ते हसण्यावारी नेलं.

गौरी यायच्या दिवशी तिने पायरीपासून देवघरापर्यंत रांगोळीची पावलं काढली. ताट घेऊन परतली, तर पायरीवरच्या पावलांशेजारी चिखलाने भरलेल्या बुटांचे ठसे, आत येणारे. बाहेर तर रखरखीत ऊन होतं.

"नॉट फनी लाह, आई," तिची मुलगी इरा सिंगापुरी इंग्रजीत पुटपुटली.

विनीताने फरशी पुसली. फडकं पिळून वळते तोवर ठसे पुन्हा उमटले होते, आता उंबऱ्याच्या आत.

तिचं डोकं सणकलं. रिकाम्या व्हरांड्याकडे बघत ती कडाडली, "तुम्ही शरण गेला नाहीत ना? मग मीही जाणार नाही! माझ्या घरात बूट घालून कुणीही येत नाही!"



मग पायरीवर बूट उतरवल्याचा आवाज आला. आधी एकाचा, मग दुसऱ्याचा, मग अख्ख्या पलटणीचा.

आणि फरशीवर, गौरीच्या पावलांशेजारी, अनवाणी पावलं उमटत आत येऊ लागली.