जंगलाची परीक्षा

आमच्या ह्यांना फ्रिजमध्ये समोर ठेवलेलं लोणी सापडत नाही, आणि म्हणे आठ दिवस एकटे जंगलात राहून अन्न शोधणार! नोकरी संपल्यापासून हेच एक वेड. दोरी आली, चाकू आला, पाठीवरची पिशवी भरून तयार. फक्त माझ्या होकारावर घोडं अडलेलं. मी म्हटलं, "आधी कोपऱ्यावरच्या बागेत एक दिवस काढून दाखवा. मिळेल तो पाला खायचा, समोरच्या बेकरीची पायरी चढायची नाही. जमलं तर खुशाल जा."

सकाळी गेले ते संध्याकाळी उगवले. शर्टाला काड्या, गुडघ्यांना माती, आणि तोरा असा की जसा काही वाघच मारून आलेत. ताट वाढलं तर नको म्हणाले. रुमालाची गाठ सोडून मूठभर पानं माझ्यापुढे ठेवली.

"अख्खा दिवस ह्याच्यावर काढला. पोट अगदी तुडुंब."

"कसा लागतो हो हा पाला?"

"जरा कडवट. पण तुला नाही कळायचं, ह्याला अभ्यास लागतो."

अभ्यासाचं मला काय ठाऊक, शाळा मी दुसरीतच सोडली. पण ह्याच झाडाची फांदी गेल्या महिन्यात मी स्वतः चोरून आणून गॅलरीत लावली आहे.

"अहो, माझ्या तोंडाला पानंच पुसायची होती, तर निदान बागेतली तरी आणायची! ही बेकरीच्या दारातल्या कुंडीतली आहेत. ती पिशवी टाका माळ्यावर, आणि मिशीला लागलेलं क्रीम पुसा."