बाकी पाच

मेंदूच्या ऑपरेशननंतर तीन दिवस ताईबाई कुणाशीच बोलल्या नव्हत्या. धरणगावच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेली आपली माय आता आपल्याला तरी ओळखेल का, या धास्तीने सारिका जळगावच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बसून होती. सिस्टरने फाइलवरचा नंबर मोठ्याने वाचला, "सात लाख वीस हजार सातशे वीस."

ताईबाईंचे ओठ हलले. "एकपासून सोळापर्यंत सगळ्यांनी भाग जातो याला."

सारिका दचकलीच. "आणि सतराने, माय?"

"पाच उरतील."

सारिकाने औषधाच्या चिठ्ठीमागे भागाकार मांडला. बाकी खरोखरच पाच आली, आणि तिला रडू आवरेना.

"उत्तर बरोबर शे ना?" ताईबाई म्हणाल्या. "मंग रडस कसाले, सारिका?"