पहिली घागर

"त्या दगडी डोणीत पयली घागर पडल्याबिगर ह्या वाडीत कुणी घरात पाणी नेत न्हाई," बिरोबाचा वृद्ध पुजारी हरिबा सांगत होता. "आठ दिसांनी टँकर येतो. तरीबी पयली घागर वाटंच्या मेंढरांची. टँकर आत्ताचा हाय. घागर आमच्या आज्याच्या वक्ताची."

निवृत्त सुभेदार आप्पासो देवळाच्या कठड्याशी हात जोडून उभे होते. चैत्राचे ऊन माथ्यावर आले होते. टेकडीखालून जतच्या दिशेने माळ पसरत गेला होता. दूर पवनचक्क्यांची रांग, आणि तिच्यापलीकडे नुसता धूसर प्रकाश. त्या रितेपणालाही एक गांभीर्य होते, दीर्घ तपाने कृश झालेल्या देहासारखे. कृष्णाकाठच्या उसात वाढलेल्या आप्पासोंचे मस्तक आपोआप लवले.

सकाळी आटपाडी सोडल्यापासून मात्र त्यांच्या मनात काहीतरी खुपत होते. हा माळ पाहायचा हट्ट सुनेचा, संयोगिताचा. "अगदी वाळवंट आहे हो बाबा, किती सुंदर!" असे ती दर वळणावर म्हणत होती, आणि मुलगा जयराज दर वळणावर गाडी थांबवत होता. आताही दोघे खाली, रस्त्यालगतच्या त्या डोणीपाशीच थांबले होते.

आप्पासोंनी सहज खाली पाहिले, आणि जोडलेले हात तसेच सुटले.

जयराज डोणीत बादली बुडवत होता. भरलेली बादली त्याने गाडीच्या टपावर उपडी केली. पाणी उन्हात लखलखले आणि मातीत गेले. तो पुन्हा वाकला.

"आरं ए! जयराज!"

पलटणीने ऐकलेला तो कंठ होता. पण वारा उलटा होता. खालून संयोगिताने हसून हात हलवला.

ऐंशी पायऱ्या आप्पासो कसे उतरले, ते त्यांच्या गुडघ्यांनाच ठाऊक. ते पोहोचले तेव्हा काळी गाडी अभिषेक झालेल्या मूर्तीसारखी निथळत होती. डोणीच्या तळाशी बोटभर गाळ उरला होता.

"कुणाला इचारलंस?"

"कुणाला विचारायचं, बाबा? रस्त्याकडेला साचलेलं पाणी. वर शेवाळ होतं. कोण पिणार ते?"

"धुळीनं फोटोच चांगले येईनात," संयोगिता म्हणाली. "काळा रंग आहे ना."

"सगळा माळ धुळीत बसलाय. तुमची गाडी तेवढी कशाला चकाकाय पायजे?"

जयराजने उत्तर द्यायला तोंड उघडले, तोच घंटांचा नाद आला. उतारावरून मेंढरांचा कळप येत होता. ओल्या मातीचा वास लागताच पुढची मेंढरे धावत सुटली. डोणीत माना गेल्या, आणि गाळाने माखलेली तोंडे तशीच वर आली. मागच्यांना ते कळेना. ती पुढच्यांना रेटत राहिली.

खांद्यावर काठी टाकून रंगूबाई धनगरीण मागून आली. तिने डोण पाहिली. बादली पाहिली. मग गाडी पाहिली.

"गाडीला लय तान लागली व्हती व्हय, सायेब?"

जयराज कानापर्यंत लाल झाला. "मावशी, माहीत नव्हतं हो. आमच्याकडे बाटल्या आहेत. सहा आहेत. थंडगार."

"दीडशे तोंडं हायती. कुठल्या सा जणींना पाजू, तुमीच दावा की."

"पुढचं पाणी कुठं हाय, बाई?" आप्पासोंनी विचारले.

"चार कोसावर, आवं. सांच्यापातूर पोचू. पर ह्यात चार गाभण्या हायती. हितल्या पाण्याच्या आशंवर आणल्या तेस्नी. आता तितवर चालत्यात का वाटंत बसत्यात, बिरोबालाच ठावं."

गाडीचे दार उघडून आप्पासोंनी सहाही बाटल्या काढल्या आणि त्याच बादलीत रित्या केल्या. रंगूबाईने चार गाभण मेंढ्या कानाला धरून पुढे ओढल्या. चौघींची तोंडे बादलीत एकाच वेळी शिरली, आणि क्षणात बादलीचा तळ वाजला.

उरलेला कळप डोणीभोवती घोटाळत होता. त्यातल्या एका मेंढीने मान वळवली. ती गाडीच्या चाकापाशी गेली आणि चाकावरून ओघळणारे पाणी चाटू लागली. तिच्यामागे दुसरी आली. बघता बघता गाडीला चहूकडून मेंढरांनी वेढले. दारावर, दिव्यांवर, निथळत्या काळ्या पत्र्यावर जिभा फिरू लागल्या. एक म्हातारा एडका पुढचे पाय बॉनेटवर टेकून उभा राहिला आणि काचेवरचे थेंब टिपू लागला.

"अरे, अरे! ओरखडे पडतील!" जयराज किंचाळला. "मावशी, हाकला ना त्यांना! महिना नाही झाला गाडी घेऊन!"

सवयीने रंगूबाईची काठी वर गेली. आप्पासोंनी ती मधेच धरली.

"ऱ्हाऊ दे, बाई."

जयराज मेंढरांतून वाट काढत दाराकडे झेपावला. आप्पासो आडवे आले. त्यांनी मुलाची मूठ उलगडून किल्ली काढली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि वरून गुंडी लावली. संयोगिताच्या हातातला फोन खाली आला होता. माळावर आता दुसरा आवाज नव्हता. पत्र्यावर फिरणाऱ्या जिभांची खरखर तेवढी ऐकू येत होती.

"बाबा, काय चाललंय हे?"

आप्पासोंचा चेहरा रागाने थरथरत होता. स्वर मात्र देवळातल्यासारखा हळू होता.

"धुवून झाली न्हवं तुझी? आता पुसून होऊ दे."