सकाळी सात ते आठ

गेले सात महिने आमचे हे रोज सकाळी सात ते आठ आतल्या खोलीत बसून अहंकार सोडताहेत. दाराला आतून कडी. त्या तासात मिक्सर लावायचा नाही, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, नळसुद्धा बारीक सोडायचा. सासूबाई खोकल्याची उबळ आली की तोंडावर उशी दाबून धरतात. लेकीनं गाण्याचा रियाज कधी सोडला, ते तर माझ्याही लक्षात आलं नाही. मी स्वतःच्याच स्वयंपाकघरात चोरासारखी वावरते आणि रोज डब्याशिवाय ऑफिसला पळते. तक्रार करायची सोय नाही. माणूस चांगल्या कामाला लागलाय ना!

आज घाईघाईत माझ्या हातून पातेलं निसटलं आणि फरशीवर गरगरत राहिलं. लेक जागच्या जागी थिजली. कडी खाडकन निघाली.

"एक तास! दिवसातला फक्त एक तास मागतो मी!" हे लालबुंद होऊन ओरडले. "सात महिन्यांत आज पहिल्यांदा माझ्यातला 'मी' विरघळायला लागला होता. घालवलंत सगळं!"

मी पातेलं उचलायला वाकले. सासूबाईंनी हातातली उशी बाजूला ठेवली, आधी मनसोक्त खोकून घेतलं आणि मग लेकाकडे पाहिलं.

"आम्हा तिघींचा केव्हाच विरघळला रे," त्या म्हणाल्या. "आम्ही आवाज होऊ दिला नाही, इतकंच."