घरोघरचे चौकोन

पंचफुलाबाईनं वर्षाराणीच्या शिलाई मशीनखालची पिशवी ओढली आणि जमिनीवर उलटी केली. कापडाचे चौकोन फरशीभर सांडले. पिवळे, ठिपक्यांचे, एकावर बदकं.

"मी सांगत नव्हते?" ती मागच्या बायकांकडं वळली. "समदं लेकरायचं हाय. मोठ्या माणसाचं एक चिरगूट न्हाई ह्यात."

वर्षाराणी मशीनला टेकून उभी होती. वायरमन व्यंकटची बायको. नवऱ्याची बदली झाली म्हणून लातूरहून ह्या गावात आलेली, गल्लीला अजून नवीच. गेला महिनाभर ती दुपारची घरोघर फिरून लेकरांचे जुने कपडे मागत होती. टेबलावर टाकायच्या पट्ट्या शिवते, लातूरला बहिणीच्या दुकानात ठेवते, असं सांगायची. बायकांनी दिलेही. मग अयोध्याबाईचा नातू आदिनाथ तापानं फणफणला. गावातल्या डॉक्टरच्या गोळ्यांनी ताप उतरेना, तेव्हा गल्लीला वर्षाराणीला दिलेला त्याचा सदरा आठवला.

"टेबलाला लेकराचंच कापड कशाला लागतंय गं?" पंचफुलाबाईनं विचारलं.

"रंग चांगले ऱ्हातेत, काकू." वर्षाराणीनं कोपऱ्यातल्या टेबलाकडं बोट केलं. तिथं खरंच एक लांब पट्टी अंथरली होती, चौकोन जोडून शिवलेली. वर पाण्याचा तांब्या.

बायकांतल्या तारामतीनं तांब्या बाजूला ठेवून पट्टी उलटीपालटी केली. "ही तर साड्यायची हाय. माझ्या पोरीचा फराक कुठंय ह्यात?"



पंचफुलाबाई तोवर आतल्या खोलीत गेली होती. तिनं बाजेवरची गादी उचलली आणि खालून पांढऱ्या धडप्यात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर आणलं. उलगडलं तर गोधडी निघाली. दीड हात लांब. सगळी लेकरांच्या कपड्यांची.

"आणि ही कोणत्या टेबलाची?"

मधोमध निळा चौकोन होता, त्यावर छोट्या मोटारी. अयोध्याबाईनं तो ओळखला. घरून निघताना तिनं ठरवलं होतं, सरळ झिंज्या धरायच्या. आता त्या कापडाला बोट लावायचीही तिला भीती वाटली.

"उसव," ती म्हणाली. "माझ्या आदिनाथचा तुकडा उसवून दे."

"माझ्या पोरीचाबी."

"समद्यायचेच."

वर्षाराणीनं कात्री घेतली. भिंतीला हात लावला, एका अंगावर झाली आणि हळूहळू खाली टेकली. अयोध्याबाई तिच्याकडं पाहत राहिली. चार बाळंतपणं झालेल्या बाईला ते बसणं कळायला वेळ लागला नाही.

"तुम्ही ओसरीत थांबा," ती बायकांना म्हणाली. "मी आणते उसवून."

पंचफुलाबाई शेवटी निघाली, मागं बघत बघत. अयोध्याबाईनं दार लोटलं आणि आवाज खाली घेतला.

"कितवा?"

कात्री थांबली. "पाचवा सरलाय."

"पहिली खेप?"

"तिसरी. आधीची दोन न्हाई टिकली." वर्षाराणीनं गोधडीवरून हात फिरवला. "आई म्हणली, धडधाकट लेकरं असलेल्या घरचं कापड जमव. त्याची गोधडी अंगाखाली घातली की पोटातलं लेकरू तग धरतंय."

"मग तसं सांगायचं की. कोण न्हाई म्हणलं असतं?"

"दोन्ही बारीला समद्यायला सांगितलं होतं, मावशी." तिनं लोटलेल्या दाराकडं पाहिलं. "इथं कुणाची नजर कशी, मला काय ठावं? तुम्हीबी बोलू नका. माझ्या गळ्याची आन हाय तुम्हाला."

अयोध्याबाई तिच्यासमोर बसली. बाहेर बायकांची कुजबूज चालली होती. एक शब्द बोललं तर त्या पांगल्या असत्या. कुणी नवं झबलंही आणून दिलं असतं. नाहीतर पंचफुलाबाई म्हणाली असती, हिची दोन गेली, म्हणून आता दुसऱ्याच्या लेकरांवर डोळा. अयोध्याबाई पंचफुलाबाईला कैक वर्षांपासून ओळखत होती, तरी ती नेमकं काय म्हणेल हे अयोध्याबाईला सांगता आलं नसतं.

तिनं वर्षाराणीच्या हातातून कात्री काढून घेतली. गोधडीची घडी घातली, पुन्हा गादीखाली सारली. फरशीवरचे सुटे चौकोन ओंजळीत गोळा केले आणि बाहेर आली.

"घ्या आपापले. शिवलेत ते राहू द्या."

"का बरं?" तारामतीनं विचारलं.

"राहू द्या म्हणलं ना."

"काय म्हणली ती आत?"

"काय न्हाई."

"अन् आदिनाथचा तुकडा?"

"तिच्यापाशी ऱ्हाऊ दे."

ओंजळ पुढंच राहिली. एकीनंही हात घातला नाही. पंचफुलाबाई एक पायरी खाली उतरली आणि तिथून तिच्या डोळ्यांत निरखून पाहत म्हणाली, "अयोध्ये, तुला काय पाजलं की काय तिनं?"

अयोध्याबाईनं चौकोन ओसरीच्या कट्ट्यावर ठेवले आणि चालू लागली. वाटेत तिच्याबरोबर कुणी आलं नाही.

घराच्या दारातच सून उभी होती. शिल्पाच्या खांद्यावर आदिनाथ, तापानं गळालेला.

"तुकडा न्हाई आणला म्हणं तुम्ही," शिल्पा म्हणाली. "पंचफुलाकाकूंचा फोन आलता आत्ताच."

"त्यात काय न्हाई, पोरी. वाईट काय न्हाई."

"मग काय हाय?"

अयोध्याबाई म्हणाली, "ॲटो बोलाव. कंधारच्या दवाखान्यात नेऊ ह्याला. आण इकडं."

तिनं दोन्ही हात पुढं केले. आजीचा आवाज ऐकून आदिनाथनं जड मान उचलली आणि तिच्याकडं झेपावला.

शिल्पानं त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि त्याच्या तोंडावर पदर ओढला.